नऊ सेंटिमीटर

मापाडी शेवटी गाडीतून उतरला. धडधाकट उतरला, हात पुसले आणि बायकोला घेऊन वेळेवर दवाखान्यात पोचला. आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही, आणि गाडीतून कुणीही उतरलेलं नाही.

त्या दिवशी गॅरेजच्या शेडमध्ये दोघे भाऊच होते. थोरला वेल्डर, त्याला सगळे दादा म्हणत. धाकट्याला मापाडी म्हणत, कारण टेपशिवाय त्याचा कशावरही विश्वास नव्हता. बायको लाडानं जवळ सरकली तरी हा मनात अंतर मोजायचा. तिला सातवा महिना लागला होता, आणि दोन वाजता दोघांनी मिळून बाळाचे ठोके ऐकायला जायचं ठरलं होतं. मागच्या दोन खेपा त्यानं कामापायी बुडवल्या होत्या. "आज आला नाहीस तर शेजारच्या काकांना घेऊन जाईन," असं तिनं बजावलं होतं, आणि काका तयारही झाले असते.

काम सरळ होतं. एका जुन्या, हलक्या गाडीचा सांगाडा घ्यायचा आणि त्यात मोठ्या मालवाहू गाडीचं इंजिन घालायचं. झाली ड्रिफ्टची गाडी, म्हणजे रस्ता सरळ आणि गाडी आडवी. इंजिन एक्याऐंशी सेंटिमीटर लांब. बॉनेटखाली जागा बहात्तर. नऊ सेंटिमीटर पत्रा कापावा लागणारच होता. पण शेडची पद्धत अशी, की कापण्याआधी इंजिन साखळीला टांगून एकदा नुसतं खाली सोडायचं आणि अडेल तिथं खडूनं खूण करायची.

ते कुठंच अडलं नाही. अलगद आत गेलं, आणि बसताना त्यानं दिवसभर उभ्या असलेल्या माणसासारखा उसासा टाकला.

मापाडीनं पुन्हा मोजलं. इंजिन एक्याऐंशी. जागा बहात्तर.

"दादा, हे बसायला नको होतं."

"बसलंय."

"मग नऊ सेंटिमीटर गेले कुठं?"

"तुझ्या डोक्यात. तिथं जागा पुष्कळ आहे," दादा म्हणाला. "चल, सीटवर बस."

हीही त्यांचीच पद्धत. चालवणाऱ्याला आत बसवायचं आणि त्याच्या अंगाच्या मापानं स्टीअरिंग, पेडल आणि भोवतीचा पाइपांचा पिंजरा जोडत न्यायचा. मापाडी बसला. सीट कोमट होती. शेडमध्ये ऊन येत नव्हतं, आणि सीट नवी कोरी होती. दादा वेल्डिंग करत राहिला. सव्वा वाजला.

"झालं. उतर."

त्याला उतरता येईना. दाराची फट अठ्ठावन्न, खांदे सेहेचाळीस. त्यानं स्वतः मोजले. काही टोचत नव्हतं, कुठं अडकत नव्हतं. फक्त दारापर्यंत आलं की तो संपत होता.

"खाणं कमी कर," असं म्हणून दादानं एक पाइप कापला. मग दुसरा. मग सीटचे बोल्ट काढून सीटच बाहेर ओढली.

मापाडी होता तिथंच, त्याच उंचीवर, बसलेला राहिला.

दादानं सीट परत बसवली.

"दीड झाला, दादा. ती येईल आता."

"इंजिन चालू करू," दादा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "हादऱ्यानं सुटशील."

त्यानं खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. मापाडीच्या बरगड्या त्याच लयीत थरथरू लागल्या.

आणि तो उतरला.

मापाडीनं सीटवरूनच त्याला पाठीमागून पाहिलं. कॉलरवर मापाडीच्याच कॉलरवरचा ग्रीसचा डाग, मागच्या खिशात त्याचीच टेप. दादानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "घाबरवलंस की रे," म्हणाला.

फाटकाशी बायको उभी होती. उतरलेल्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. हे मापाडीला कधी सुचलं नव्हतं.

मापाडीनं हाक मारली.

दादा वळला. मान तिरपी करून त्यानं ऐकलं.

"इंजिनचं आयडलिंग हलतंय," तो म्हणाला.

बायको थबकली. तिनं पोटावर हात ठेवला. "आत्ता लाथ मारली बघ," ती त्याला म्हणाली.

मापाडीनं पुन्हा हाक मारली, जीव तोडून.

दादानं चावी बंद केली.

पुढच्या काचेशी दादानं इंजिनबदलाचा छापील अर्ज भरून ठेवला आहे. मापाडीला तो वाचता येतो. पेन तेवढं उचलता येत नाही. म्हणून त्यानं मनातल्या मनात खाली जोडलं आहे:

मा. वाहन नोंदणी अधिकारी यांस सविनय सादर. 'इंजिन' या रकान्यात अर्जदाराची नोंद चुकून झालेली असून ती रद्द करून 'वडील' या रकान्यात घेण्यात यावी. नमुन्यात असा रकाना नसल्यास तो वाढवून मिळावा. अर्जदारास समक्ष हजर राहणे शक्य नाही. तरी त्याचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी कृपया चावी फिरवावी, ही विनंती.