ज्वारीच्या डब्यातले पैंजण

घरातला पैंजणांचा आवाज नेमका कोणत्या दिवशी थांबला, हे शिल्पाला सांगता आलं नसतं... पण आठवडाभर भुसावळच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये एक अनामिक भय दाटून राहिलं होतं. ती वळायची, तर दाराआड तिची सहा वर्षांची लेक, मैत्री, उभी. कपडे घ्यायला कपाटाशी जायची, तर त्यामागच्या फटीत मैत्री, श्वाससुद्धा जपून घेणारी.

आज रविवार. सासूबाईंचे धाकटे भाऊ, लीलाधर नाना, धरणगावहून जेवायला यायचे होते. दळणासाठी शिल्पाने ज्वारीच्या डब्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी थंड, साखळीसारखं लागलं... मैत्रीचे पैंजण.

"हे इथे कोणी ठेवले?"

"मी." आवाज ओट्याखालून आला. "वाजले की नानांना कळतं, मी कुठे आहे ते."

शिल्पाने डबा बाजूला सारला. ती फरशीवर बसली. "कळलं की काय होतं, बाळा?"

मैत्रीने कानात सांगितलं. थोडंच, पण तेवढं पुरेसं होतं. "आईला सांगितलं तर आई मरते, असं नाना म्हणाले."

"मी जिवंत आहे. हात लावून बघ. तुझी काहीच चूक नाही. सांगितलंस, फार बरं केलंस."

दारात सासूबाई, कलाबाई, उभ्या होत्या. मागच्याच महिन्यात त्या शिल्पाला म्हणाल्या होत्या, "तुम्हा शिकलेल्या बायांले घरच्याच माणसांत साप दिसतात. बापामागे माझ्या राजदीपले नानानंच शिकवलं. पोरगी त्याच्या मांडीवर बसली तर तुझं काय जाते?" तोच घाव पुन्हा बसणार म्हणून शिल्पा थिजून बसली...

कलाबाईंनी पैंजण उचलले. त्यांच्या स्वतःच्या पायांत शिल्पाने कधीच चांदी पाहिली नव्हती.

"मी माझे कणगीत लपवले होते," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की त्यांच्या आतून दुसरंच कोणी, फार लहान कोणी बोलत असावं. "आमचा एक काका होता. मायनं मले मारलं, चांदी हरवली म्हणून. का लपवले, ते कोणी विचारलंच नाही..."

कडी वाजली. हळुवार, ओळखीच्या लयीत.

"कुठे गेली माझी छुमछुम?" बाहेरून हसरा आवाज आला.

मैत्री ओट्याखाली अजून आत सरकली. कलाबाई दाराकडे गेल्या. त्यांनी कडी काढली नाही. उलट वरचा बोल्टही लावून घेतला.

"लीलाधर, परत जाय. पोरीनं सगळं सांगितलं."

"अक्का, लहान लेकराचं काय ऐकते? राजदीपले मी..."

"त्याले शिकवलं म्हणून त्याची लेक तुले देऊ का? तुझी अक्का आज मेली समज."

मग पावलं जिना उतरत गेली.

शिल्पाने राजदीपला ड्युटीवरून थेट पोलीस ठाण्यात बोलावलं आणि चाइल्डलाइनला, एक-शून्य-नऊ-आठला, फोन लावला. कलाबाई लुगडं बदलून आल्या. "पोलिसांत मीबी येते. त्याचं नाव मीच सांगीन... मले माफ करशील, पोरी?"

शिल्पाने त्यांचा हात घट्ट धरला. दोघींच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

रिक्षात मैत्रीने विचारलं, "आजी, तुझे पैंजण सापडले का मग?"

"माझे तिथंच राह्यले, बाई. तुझे नाही राहू देणार."

खड्ड्याखड्ड्याला कलाबाईंच्या मिटल्या मुठीत घुंगरं वाजत होती. मैत्रीने एकदा मागे वळून रस्ता पाहिला... आणि मग त्या मुठीला कान लावला.