तिसऱ्या मजल्याची पाळी

श्टुटगार्टच्या त्या चार मजली घरात जिना धुण्याची पाळी असे. पाळीची लाकडी पाटी ज्याच्या दाराला लटके, त्याचा तो आठवडा. तिसरा मजला लढाईपासून कुलूपबंद, म्हणून पाटी उरलेल्या तीन घरांतच फिरे. तरी दर चौथ्या शनिवारी, पाळीवाली बादली भरेस्तोवर जिना धुतलेला सापडे. शेजारणींना वाटे, दुसऱ्या मजल्यावरची ओटीली पहाटेच उरकते. "हात असावेत तर तुमच्यासारखे हो," त्या म्हणत. वीस वर्षं ओटीली नुसती हसली.

बासष्टच्या जानेवारीतल्या अशाच एका शनिवारी तिची लेक गुडरुन आली. ती शाळेत शिकवी. मुलांनी तिला विचारलं होतं, बाई, तुमच्या घरची माणसं लढाईत काय करत होती? कॉफी ओतता ओतता ओटीली नेहमीचंच बोलली, की आम्हा साध्या माणसांना कुठं काय ठाऊक होतं. गुडरुननं कपाला हात लावला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाखमानबाई तिला आठवत होत्या; बटणांचा डबा खेळायला द्यायच्या. त्या यहुदी होत्या, त्यांना उचलून नेलं, तेव्हा तू कुठं होतीस ते आज सांग, नाहीतर मी पुन्हा या दारात यायची नाही, असं ती अगदी हळू म्हणाली.

जिन्यात ब्रश घासल्याचा आवाज येत होता. दोघींनी ऐकला.

"त्यांना न्यायला आले," ओटीली म्हणाली, "तो आठवडा त्यांच्या पाळीचा होता. पेटी घेऊन उतरत होत्या. मी दार उघडलं."

"निरोप द्यायला?"

"म्हटलं, बाखमानबाई, जिना राहिलाय."

गुडरुननं कप दूर सारला.

"पेटी ठेवली त्यांनी. वरपासून खालपर्यंत धुतला. पोलीस घड्याळ बघत उभा. आणि मी फटीतून बघत होते, कोपरे नीट निघतात की नाही ते."

ब्रश दाराशी येऊन थांबला.

गुडरुननं दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. वरपासून सगळ्या पायऱ्या ओल्या, साबणाचा वास. फक्त त्यांच्या उंबऱ्यापुढची फरशी कोरडी होती आणि तिच्यावर पिळून घडी घातलेलं फडकं.

"आई, हे तू ठेवलंस?"

"मी नाही," ओटीली म्हणाली. "कधीच मी नव्हते."

ती गुडघ्यांवर बसली. जिन्यात इतकी थंडी होती की श्वास दिसत होता.

फडकं अजून गरम होतं.