न सांगता येईन, म्हणाली

पहिल्याच भेटीत तिने त्याच्या कामावर पाय दिला. अगदी टाचेसकट, ओल्या सिमेंटवर.

"अहो, अहो, अहो!" हातात थापी घेतलेला गवंडी ओरडला. "सकाळपासून घोटतोय मी ते!"

"अय्या... सॉरी. दिसलंच नाही."

"एवढा मोठा ओटा दिसला नाही? तपासणीच्या मॅडम त्या तुम्हीच ना? मग आमच्या वस्तीचं कठीण आहे."

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण त्याच्या भुवईवर सिमेंटचा एक ठिपका होता आणि हसू दाबताना तो ठिपका वर-खाली व्हायचा. ती उगीचच पिशवीचा पट्टा सारखा करत राहिली.

वस्तीत नळ यायचे होते आणि या उत्साही माणसाने ओटा आधीच बांधायला घेतला होता. नळ येणार की नाही, ते मात्र तिच्या हातात होतं. योजनेतून बांधलेली शौचालयं लोक खरोखर वापरतात का, हे पाहायला तिला पाठवलं होतं. चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची. त्यातलं एक जरी शौचालय बिनवापराचं निघालं, तर पाइपलाइन लांबणीवर. मग बायकांच्या नशिबी पुन्हा टँकर आणि हंडे.

वस्तीतलं बहुतेक बांधकाम या गवंड्याचंच होतं. त्यामुळे घरं दाखवायला तोच पुढे झाला.

"फरशीकडे काय एवढं टक लावून बघता?" त्याने विचारलं.

"ओली आहे का ते बघते. माणसं काहीही सांगतात."

"मी नाही सांगत काहीही."

"बघू," ती म्हणाली आणि आपला आवाज असा लाडिक कधीपासून झाला, याचं तिलाच नवल वाटलं.

सगळी घरं झकास निघाली. शेवटची चिठ्ठी निघाली ती नेमकी त्याच्याच घराची. तो छाती फुगवून पुढे चालू लागला. घरी पोचले तर शौचालयाला कुलूप! त्याच्या आईने कमरेची किल्ली काढून मोठ्या थाटात दार उघडलं. आत सगळं लखलखीत, कोरडं ठणठणीत. साबण अजून कागदातच.

"काकू, वापरता ना हे?"

"छे गं पोरी! तुम्ही येणार कळलं, तेव्हापासून कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही. तपासायला येणार आणि आम्ही घाण करून ठेवू होय? घरातली सगळी शेजाऱ्यांकडे जातात. हासुद्धा!"

दिव्याखाली अंधार तो हाच. गवंड्याने डोळे मिटून घेतले. तिला हसू आवरेना, पण हातातला तपासणीचा कागद तर भरायचाच होता.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "खरं काय ते कळलंय ना तुम्हाला? मग लिहा ना, वापरात आहे."

"कोरडं बघितलं, ते ओलं कसं लिहू? आज तुमच्यासाठी लिहिलं तर उद्या माझ्या शब्दाला काय किंमत राहील?"

"माझ्यासाठी?" त्याने नेमका तेवढाच शब्द उचलला.

"म्हणजे... वस्तीसाठी." तिचे कान तापले. "एक वाट आहे. न सांगता पुन्हा येता येतं. पण एकदाच."

"कधी याल?"

"सांगितलं तर न सांगता कसं होईल?"

"निदान सकाळी की संध्याकाळी..."

"अहो गवंडीदादा—"

"दादा नको हं!" तो इतक्या घाईने म्हणाला की ती पिशवीत उगीचच पेन शोधू लागली.

त्यानंतर त्याचे फोन सुरू झाले. "आज येताय का?" "नाही." "बरं, मग जेवलात का?" कधी ओटा वाळल्याची बातमी, कधी आईच्या तक्रारी. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ एकटीच हसत बसायची. जाणं मात्र रोज पुढे ढकलायची. एकदा का तपासणी झाली की या माणसाला फोन करायला कारण उरणार नाही, ही धास्ती तिला होती.

मग एका दुपारी ऑफिसच्या गाडीतून जाताना तिला वस्तीच्या टोकाशी टँकर दिसला. हंड्यांची रांग, दोघींची जुंपलेली, आणि रांगेत त्याची आईही, कमरेवर हात देऊन उभी. तिला स्वतःची लाज वाटली. आपल्या चार गोड शब्दांपायी या बायका ताटकळत होत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वस्तीत हजर झाली. शौचालयापुढे तो उभा होता. खांद्यावर टॉवेल, एका गालावर दाढीचा फेस, हातात बादली.

"आई, आटप की! किती वेळ?"

"तूच म्हणालास ना, सारखं वापरत राहा म्हणून?" आतून उत्तर आलं.

तो वळला आणि बादली हातातून सुटली. आई बाहेर आल्यावर तिने आत डोकावून पाहिलं. ओली फरशी, झिजून चपटा झालेला साबण, दाराशी उलट्यासुलट्या चपला.

"वापरात आहे," ती म्हणाली. "पाइपलाइन येईल."

 तो नुसताच मान हलवत राहिला, डोळे भरून.

"पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी असते," ती म्हणाली. "पण मी नसेन."

त्याचा चेहरा उतरला. "बदली?"

"नाही. मीच साहेबांना सांगणार आहे, ही वस्ती दुसऱ्या कुणाकडे द्या. नात्यातलं घर तपासायचं नाही, असा नियम आहे."

"नात्यातलं? इथे तुमचं कोण..."

"अरे ठोंब्या!" आईने कपाळावर हात मारला. "सून व्हायचं म्हणतेय ती!"

तिने मान खाली घातली. पण "हो" म्हणाली, अगदी स्पष्ट. "म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

"हरकत?" तो फेसासकट हसला. "अहो, रोज फोन कशाला करत होतो मी? ते काय तपासणीसाठी वाटलं तुम्हाला?"

"खात्री कुठे होती?" ती म्हणाली. "म्हणून तर यायला इतका उशीर केला."