शिशाचे सोळा तुकडे

पहिल्याच भेटीत तो तिच्या टाचण्यांवर बसला. दार चुकून संग्रहालयाच्या शिवणखोलीत शिरला, स्टूल दिसलं म्हणून टेकला, आणि असा उडाला की तिला हसू आवरेना. तो तरणतलावावरचा मास्तर. बायकांच्या पोहण्याच्या जुन्या पोशाखांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी आजीचा पोशाख द्यायला आला होता. जाड निळी लोकर, कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्याखाली घेर आणि त्याच्याही खाली विजार!

"हे घालून पोहायचं?" त्याने मुद्दाम विचारलं.

"पोहायचं कुठलं? नुसतं भिजायचं," ती म्हणाली. "पाण्यात घेर वर येऊ नये म्हणून दुमडीत शिशाचे तुकडे शिवायचे. अब्रू खाली राहिली पाहिजे ना!"

"आणि बाई?"

"बाईही खालीच जायची..."

मग तो रोज येऊ लागला. "इथून चाललो होतो," म्हणायचा. तलाव गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. इथून कुठे चालला होता, देव जाणे!

एकदा मात्र तो गंभीर झाला. तलावावर बायकांच्या पोहण्याच्या वर्गाला दहा नावं हवी होती, जमली होती नऊ. शुक्रवारी पाचपर्यंत दहावं आलं नाही तर वर्ग बंद, आणि मास्तरची दुसऱ्या शहरात बदली.

"तुमचं लिहू?"

"माझं? त्या एवढ्याशा कपड्यात... चारचौघांत?" तिने ओढणी सारखी केली. घेर कसा आखूड झाला, बाह्या कशा गेल्या, हे ती सगळ्यांना हसत हसत सांगायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अगदी कोरडे, कारण पाण्यात ती कधी पाऊलच घालत नसे.

शुक्रवारी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सुई बोटात, दोऱ्याचा गुंता, नजर घड्याळावर. त्याने जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. पण ते सांगायला तोंड उघडेल तर ना.

साडेचारला तो निरोप घ्यायलाच आला. टेबलावरचा पोशाख त्याने उचलला आणि थबकला. "हा जड कसा झाला?"

"दुमडीतले तुकडे हरवले होते. मी नवे सोळा शिवले," ती अभिमानाने म्हणाली.

"हरवले नव्हते हो! आजीनेच उसवले होते, समुद्रावर. शेजारी एक अनोळखी मुलगा उभा होता. तुकडे त्याच्या हातात देऊन म्हणाली, 'धरा जरा,' आणि गेली पोहत."

"आणि तो मुलगा?"

"माझे आजोबा."

तिचे कान तापले. तीन दिवस खपून आपण काय शिवून ठेवलं! तिने कात्री घेतली. टाके तुटत गेले, तुकडे टेबलावर टपटपले. पाचला दहा मिनिटं होती. मग पाचच... तो निघायला वळला.

"थांबा!" शेवटचा टाका तिने दातानेच तोडला. सोळाही तुकडे ओंजळीत घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. "धरा जरा... आणि दहावं नाव लिहा."

त्याने ओंजळ पुढे केली. मग हळूच म्हणाला, "आजोबांनी ते तुकडे कधीच परत दिले नाहीत, सांगून ठेवतो."

"मग," ती म्हणाली, "मी कुठे परत मागितलेत?"