दोन वाजताची कूस

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी माझी तक्रार नाही. मला स्वतःलाच पटायला वर्ष गेलं.

एक मात्र आधीच सांगतो. मी भित्रा माणूस नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो. बावीस वर्षं अंधाऱ्या खड्ड्यांत उतरतोय. भुताखेतांना मला गाठायचंच असतं, तर केव्हाच गाठलं असतं.

आणि हे घडलं भरदुपारी.

दोन वर्षांपूर्वीचा बुधवार. म्हाताऱ्या माणसांचं एक केअर सेंटर. दुसरा मजला, खोली नंबर नऊ.

त्या खोलीत माझी मावशी होती.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मावशीने मला वाढवलं. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हे एक कार्टं सांभाळतेय, तेवढा त्रास पुरे." मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एखादाच शब्द कसाबसा फुटायचा. आम्ही नवरा-बायको दोघंही कामावर जाणारे. तिला सेंटरमध्ये ठेवलं.

फॉर्मवर सही माझी होती.

दर रविवारी अकरा ते बारा भेटायची वेळ. मावशीच्या पलंगाच्या पायथ्याशी एक तक्ता अडकवलेला असायचा. पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दहा वाजता पाठ, बाराला डावी कूस, दोनला उजवी कूस, आणि पुढे सही. मी तो तक्ता वाचायचो आणि निश्चिंत होऊन घरी जायचो.

असे चार महिने गेले. चादर उचलून मी एकदाही पाहिलं नाही.

शेजारच्या पलंगावर सुरुवातीला एक आजी होत्या. पहिल्याच रविवारी त्या मला म्हणाल्या होत्या, "जरा वळवतोस का रे मला?"

"सांगतो हं कुणाला तरी," मी म्हणालो.

आणि विसरलो. पुढे कधीतरी तो पलंग रिकामा झाला. मी चौकशीही केली नाही.

तर त्या बुधवारी सेंटरची लिफ्ट बंद पडली आणि कंपनीने नेमकं मलाच पाठवलं. युनिफॉर्ममध्ये मला कुणी ओळखलं नाही. पाऊण वाजता काम संपलं. हत्यारांची पिशवी आणि फोन खाली लिफ्टपाशीच ठेवला आणि म्हटलं, आलोच आहोत तर मावशीला भेटावं.

मावशी भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर होती. मी सवयीने तक्ता उचलला.

सह्या रात्री दहापर्यंतच्या झाल्या होत्या...

घड्याळात तर एकही वाजला नव्हता.

एकच पेन. सगळ्या सह्या एकाच तिरक्या वळणाच्या. असा तक्ता मी लांबूनही ओळखतो. लिफ्टमध्येही तपासणीचा तक्ता असतो, आणि महिन्याभराच्या सह्या एका बैठकीत मीही ठोकल्या आहेत. खोटं कशाला बोलू?

मी चादर उचलली. सदरा वर केला. काय दिसेल या भीतीने आधी डोळेच मिटून घेतले.

मग उघडले...

पाठ स्वच्छ होती. एक ओरखडाही नाही.

पाठीमागे टॉवेलची घट्ट गुंडाळी टेकूसारखी लावली होती. तिची दोन्ही टोकं नीट आत खोचलेली. कुणीतरी मनापासून केलेलं काम होतं ते.

"मावशी, तुला कूस कोण देतं?"

तिने मोठ्या कष्टाने डावा हात हलवला. बोट शेजारच्या पलंगाकडे गेलं.

"ती," मावशी म्हणाली.

पलंगावर नुसती उघडी गादी होती.

तेवढ्यात मागे खट्ट आवाज झाला...

कुणीतरी बाहेरून दाराला कडी घातली होती.

मी हाका मारल्या. पावलं थांबली नाहीत. दाराला आतून कडी नाही, मूठही नाही. बेलकडे धावलो. बेलची वायर पलंगाच्या दांडीला गुंडाळलेली होती, आणि टोकाचा प्लग कापून टाकलेला. खिडकीला गज.

मी दार बडवायला लागलो. थोड्या वेळाने कान देऊन ऐकलं, तर अजून एक दार वाजत होतं. पलीकडे कुठेतरी. मग तिसरं... त्यांच्याकडेही कुणी जात नव्हतं.

तेव्हा कळलं. इथे दार वाजणं हा रोजचाच आवाज होता. माझं बडवणंही त्यातच जमा झालं.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला आम्ही आधी एकच गोष्ट सांगतो. दार उघडायला वेळ लागला तरी चालतो, पण हे आधी सांगायचं. "तुम्ही आत आहात हे आम्हाला माहीत आहे." तेवढ्याने माणूस शांत होतो.

मला ते सांगायला कुणी आलं नाही. मावशीला चार महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं.

पहाटेपासून ड्युटीवर होतो. रिकाम्या पलंगावर बसलो, मग पायथ्याकडेच डोकं टेकून जरा आडवा झालो. डोळा लागला असावा.

जाग आली ती अंग हलेना म्हणून.

हात नाही. पाय नाही. ओरडायला गेलो, आवाज नाही. छताकडे बघत पडलो होतो. गादीची एक शिवण पाठीत रुतत होती. आधी खुपली, मग जळायला लागली. बोटभर सरकलो असतो तरी सुटलो असतो.

बाहेरून पावलं आली... आणि गेली.

पुन्हा आली... पुन्हा गेली.

कोणीतरी वळवा, एवढंच मनात येत होतं. दुसरं काही नाही.

आणि माझ्या खांद्याखाली एक हात सरकला...

दुसरा कमरेखाली. हलके, कोरडे हात. श्वासाचा आवाज नाही. त्यांनी मला उजव्या कुशीवर वळवलं. सावकाश, जराही हिसका न देता.

समोर मावशीचा पलंग आला.

मावशी आता माझ्याकडे तोंड करून होती. तीही उजव्या कुशीवर. पण ती मला बघत नव्हती. माझ्या मागे, जरा वर बघत होती. आणि हसत होती, अर्ध्या ओठाने.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते.

पुढचं आठवत नाही. कडी निघाली तेव्हा चार वाजले होते. मी ताडकन उठून बसलो. अंग मोकळं होतं. डॉक्टर म्हणतात, झोपेत असं अंग आखडतं कधीकधी. असेल.

पण माझ्या पाठीमागे टॉवेलची गुंडाळी होती. दोन्ही टोकं आत खोचलेली...

आयाने मला पाहून कपाळावर हात मारला. "अगंबाई! तुम्ही आत होतात? एक ते चार सगळ्या दारांना कडी घालतो आम्ही."

"मावशीला कूस कोण देतं?"

"आम्हीच की. तक्ता बघा ना."

"तक्ता बघूनच विचारतोय."

ती खाली बघायला लागली. "आम्ही दोघी, आणि माणसं तीस. कुणाकुणाला वळवणार हो? त्यात जेवणं, कपडे... साहेब म्हणतात सह्या पुऱ्या ठेवा, म्हणून ठेवतो."

"मग हिची पाठ अशी कशी?"

तिने रिकाम्या पलंगाकडे पाहिलं आणि पदर सावरला. "इथे त्या आजी होत्या ना... त्यांची पाठ हाडापर्यंत गेली होती. वळवा गं, वळवा गं, करत दुपारच्याच गेल्या. दाराला कडी होती. आम्हाला चार वाजता कळलं." मग अगदी हळू म्हणाली, "तेव्हापासून मावशींना कूस द्यायची वेळच आली नाही. येऊन बघावं तर आधीच वळलेल्या असतात. सकाळी दोघी मिळून येतो, कपडे बदलतो आणि पळतो."

"त्यांचं कुणी नव्हतं?"

"मुलगा होता की. दर रविवारी यायचा. तक्ता वाचून जायचा."

मी त्याच दिवशी मावशीला बाहेर काढलं. मॅनेजर नियम सांगत आला, आठवड्याची नोटीस, डॉक्टरची सही. मी म्हटलं, "आत ठेवताना माझी सही चालली ना? मग बाहेर काढतानाही चालेल." व्हीलचेअर लिफ्टमध्ये घातली. बटण दाबलं.

दार अर्ध्यावर आलं... आणि परत उघडलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा अर्ध्यावरून परत.

दारात कुणी उभं असलं की ते असंच उघडतं. त्याच दुपारी मीच ते तपासलं होतं. दारात कुणीच नव्हतं.

मावशीने डावा हात माझ्या हातावर ठेवला. "जागा," ती म्हणाली.

मी व्हीलचेअर मागे ओढली. स्वतः भिंतीला चिकटलो.

दार बंद झालं.

आता मावशी घरी आहे. सकाळी बायको बघते, दुपारनंतर मी. घरीही तक्ता लावलाय. कूस दिल्याशिवाय सही करत नाही, लिफ्टमध्येही आता करत नाही. तरी एखाद्या दुपारी डोळा लागतो. दचकून आत धावतो, तर मावशी आधीच वळलेली असते. टॉवेलची टोकं आत खोचलेली...

सेंटरची लेखी तक्रार केली होती. तपासणीला माणसं आली. तक्ते पूर्ण होते. प्रकरण मिटलं.

गेल्या महिन्यात तिथली लिफ्ट पुन्हा बंद पडली. मी गेलो. काम झाल्यावर दुसऱ्या मजल्यावर चढलो. नऊ नंबरमध्ये आता दोन्ही पलंगांवर माणसं आहेत. साडेबारा वाजले होते. सह्या रात्री दहापर्यंतच्या.

या वेळी मी डोळे मिटले नाहीत. एका आजोबांची चादर उचलली...

वास आधी आला. मग जखम दिसली.

मी त्यांना वळवलं. पुन्हा तक्रार दिली आहे. पण रोज दर दोन तासांनी तिथे कोण जाणार? जी जायची, ती तर माझ्याबरोबर आली.

परवा दुपारी मावशीच्या खोलीत उभा राहून मोठ्याने बोलायला तोंड उघडलं होतं. आजी, हिला मी बघतो, तुम्ही तिकडे परत जा, असं.

बोलवेना. त्यांनी माझ्याकडे एकदाच काहीतरी मागितलं होतं. आणि मी म्हणालो होतो, सांगतो हं कुणाला तरी.