बाथरूमची मुकी भिंत

भिंत मुकी करायला किती खर्च येईल, एवढं विचारायला लोर्नाने ड्वेन मिस्त्रीला बोलावलं होतं. काम साधंच. एका बाजूला बाथरूम, दुसऱ्या बाजूला बेडरूम, आणि मधली ती एक भिंत.

लोर्ना सारी अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एका इस्पितळात रात्रपाळीची नर्स. सकाळी घरी यायची, खिडकीचे जाड पडदे ओढायची आणि अंग टाकायची. जग कामाला लागलं की हिची रात्र सुरू. पण डोळा लागतो न लागतो तोच उशामागच्या भिंतीतून आवाज यायचा. आधी नळाची बारीक धार. मग काहीतरी खरवडल्यासारखं, थांबून थांबून. शेवटी भिंतीच्या पोटात टिंग... की सगळं शांत. उठून पाहावं तर बाथरूम रिकामं आणि बेसिन कोरडं ठणठणीत. जुनं घर, जुने पाइप, थंडीत कुरकुरणारच, अशी तिने मनाची समजूत घातली होती. झोपेला आसुसलेलं माणूस भुतापेक्षा पाइपांवर लवकर विश्वास ठेवतं.

पण मागच्या आठवड्यात तिने एका म्हाताऱ्याच्या सलाइनमध्ये भलतंच औषध भरायला घेतलं. सोबतिणीने हात धरला म्हणून निभावलं. पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल, हे तिला वरिष्ठ बाईंनी ऐकवलं. एखाद्याचा जीव जाईल, हे कुणी ऐकवायची गरज नव्हती.

ड्वेनने भिंतीवर बोटं वाजवली. आत भर ठासायची, वर तक्त्यांचे दोन थर, फटी बुजवायच्या, अठराशे डॉलर. लोर्नाचा नवरा गॉर्डी बंदरावर धान्याची जहाजं भरायचा. आकडा ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"एवढ्यात मी अंघोळच सोडून देतो की."

"मग ती वासाने जागी राहील," ड्वेन म्हणाला.

शनिवारी भिंत फोडली. आरशाच्या कपाटाखालचा तक्ता निघाला आणि आतून घमेलंभर गंजलेली ब्लेडं फरशीवर घसरली. ड्वेन हसला. जुन्या घरांत कपाटाच्या पाठीला एक चीर असायची. दाढी झाली की वापरलेलं ब्लेड त्या चिरेतून भिंतीत ढकलून द्यायचं, पुढे ज्याच्या नशिबी घर येईल तो बघेल. असल्या भिंती त्याने ढीगभर फोडल्या होत्या.

मग त्याचं हसू थांबलं. चिरेच्या अगदी खाली, तुळईवर, काही ब्लेडं अडकून राहिली होती. ती गंजलेली नव्हती. त्याने एक उचललं. पात्यावर साबणाचा फेस होता, आणि फेसात बारीक पांढरे केस.

"ओलं आहे..." तो म्हणाला. "घरात ब्लेडने दाढी कोण करतं?"

कोणीच नाही. गॉर्डीचं विजेवर चालणारं मशीन होतं, आणि त्याचे केस काळे होते.

लोर्नाने दारातून पलीकडच्या आपल्या उशीकडे पाहिलं. इतके महिने तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर... गॉर्डी म्हणाला, आज आपण बहिणीकडे जाऊ. पण झोप फार वाईट. ती भीतीलाही गिळते. संध्याकाळी कामावर जायचं होतं, आणि लोर्नाला त्या म्हाताऱ्याच्या सलाइनची नळी दिसत होती.

"बुजवून टाक," ती ड्वेनला म्हणाली. "चीरसुद्धा."

ड्वेनने मान खाली घालून काम उरकलं. शेवटी बाथरूममध्ये रेडिओ मोठ्याने लावून तो तिला पलंगापाशी घेऊन गेला. कान लावला तरी सुईएवढा आवाज नव्हता.

रविवारी सकाळी ती पाळीवरून आली. गॉर्डी अंघोळीला निघाला होता. ती पडली ती थेट उन्हं कलल्यावर उठली. अंग हलकं झालं होतं. कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. तोंड धुवायला तिने बाथरूमचं दार उघडलं.

गॉर्डी टबाशेजारी पडला होता. मांडी भलतीकडेच वळलेली, ओठ निळे, बोटांची सालं निघालेली. भिंतीवर त्याच्या मुठींचे लाल ठसे होते.

ती धावत त्याच्यापाशी गेली. हात नर्सचे. त्यांनी आपोआप नाडी पाहिली, त्याच्यावर रजई घातली, रुग्णवाहिकेला फोन केला. मग ती त्याच्याजवळ बसली आणि रडायला लागली.

"मला काही ऐकूच आलं नाही रे. या भिंतीतून आता काहीच ऐकू येत नाही."

गॉर्डीने मोठ्या कष्टाने डोळे उघडले.

"मला येत होतं..."

"काय?"

"मी ठोकलं की... आतून उत्तर यायचं. अगदी कानाशी." त्याने भिंतीकडे नजर वळवली. "ठोकू नकोस, म्हणायचा. आत्ताच डोळा लागलाय तिचा..."

लोर्नाने त्याचा हात घट्ट धरला. भिंतीकडे पाहायची तिची छाती झाली नाही. तिला आठवलं, दुपारी कधीतरी झोपेतच तिला थंडी वाजली होती, आणि कोणीतरी येऊन तिचं पांघरूण खांद्यापर्यंत ओढून दिलं होतं. तो गॉर्डीच, असं समजून तिने त्या हाताला गाल लावला होता.