समुद्र दिसला की उठव

तो पंखा जरा कमी करा आणि बसा इकडे. उद्या तुझी बंदराची फेरी आहे ना रे? कुटुंब क्रूझला निघालंय, बरोबर म्हातारं माणूस आहे, मला सगळं कळलंय. मग झोपायच्या आधी एवढं ऐकून जा. तुम्हाला घाबरवायला सांगत नाही मी. राग आलाय म्हणून सांगतोय. वर्ष होत आलं, तरी ही गोष्ट आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आपला लांब्या. तुम्ही त्याला कोपऱ्यात गप्प बसलेलाच पाहिलाय. आधी तो तसा नव्हता. गाडी कमी आणि तोंड जास्त चालवायचा. गिऱ्हाईक उतरताना त्याला जेवायला बोलवून जायचं, इतका बोलका. हे त्याच्याबरोबर घडलं. त्याने मला एकदाच सांगितलं, परत विचारू नका म्हणाला. मी विचारलं नाही.

गेल्या सालचा सप्टेंबर, शेवटचा शुक्रवार. शनिवारी दुपारी बोट सुटणार होती, आठवडाभर समुद्रात फिरवणारी. आपल्याकडून बंदर दिवसभराच्या अंतरावर. म्हणून शहाणी माणसं आदल्या दिवशी निघतात, बंदराजवळ हॉटेलात झोपतात आणि सकाळी निवांत बोटीवर चढतात. लांब्याला अशीच फेरी मिळाली होती.

गाडीत चार माणसं. घरातला कर्ता मुलगा. मी त्याला चिरंजीव म्हणणार, कारण दुसरं जे तोंडात येतंय ते तुमच्यासमोर नको. सूनबाई. कानांत इअरफोन खुपसलेली त्यांची मुलगी. आणि चिरंजीवांची आई, म्हणजे आजी.

प्रत्येक बॅगेच्या मुठीला बोटवाल्यांची चिठ्ठी स्टेपल केलेली, वर कॅबिनचा नंबर. धक्क्यावर बॅग सोडायची, ती आपोआप खोलीत पोचते. आजींच्या छोट्या बॅगेलाही तशीच चिठ्ठी. सूनबाईंनी स्वतः लावली होती. आजींच्या पायांत नवे कोरे कॅनव्हासचे बूट. डेकवर पाय घसरू नये म्हणून महिनाभर घरात घालून फिरत होत्या म्हणे.

आजी बसल्या बरोबर लांब्याच्या मागे. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच पुढे वाकून म्हणाल्या, "बाळा, समुद्र कुठून दिसायला लागतो रे?"

"शेवटचा घाट उतरायला लागलो की, आजी. डाव्या हाताला."

"मला गाडीत डुलकी लागते. दिसला की उठव हं. सत्तरी उलटली, अजून पाहिला नाही. ह्यांचं दरवर्षी पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ. असं करता करता तेच गेले."

"उठवतो की! हॉर्न वाजवून उठवतो."

आजी लहान मुलीसारख्या हसल्या. सूनबाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

उन्हं उतरल्यावर चिरंजीव म्हणाले, "पुढच्या फाट्याला आत घे." फाट्याच्या आत एक पिवळी इमारत. लांब्या फाटकाकडे वळवणार, तर हे म्हणाले, "पुढून नको. मागच्या दाराने घे." मग आईकडे वळून, "चला आई, आज मुक्काम इथे. उद्या बोट."

लांब्याने आजींची बॅग आत नेली. एक खोली. लोखंडी पलंग, पलंगाला कठडा, उशाशी बेलची दोरी. व्हरांड्यात चाकाच्या खुर्च्या ओळीने लावलेल्या. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या फाटकावर पाटी होती वृद्धाश्रमाची. ती आजींना वाचता येऊ नये म्हणून मागचं दार!

आजी पलंगावर टेकल्या, चादरीवरून हात फिरवला. "हॉटेल स्वच्छ आहे हो. पण पलंगाला कठडा कशाला?"

"बोटीवर असाच असतो, आई. आजपासून सवय."

ऐकलंत? पोटच्या पोराने. चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

"आणि तुमच्या खोल्या?"

"वरच्या मजल्यावर."

"बरं. मग सकाळी निघायचं कधी?"

चिरंजीवांनी लांब्याकडे बघून भुवई उडवली. आणि आमचा शहाणा बोलून गेला, "उजाडलं की न्यायला येतो, आजी."

मला त्याचाही राग येतो. एवढा बडबड्या माणूस, नेमकं त्या वेळी मूग गिळून बसता आलं नाही? पण आजींना ते पुरलं. बुटांसकट पाय वर घेतले, म्हणजे सकाळी उशीर नको.

गाडी हमरस्त्याला लागल्यावर चिरंजीवांनी स्वतःच विषय काढला. "कॅबिन चौघांचीच मिळाली. चौथी जागा हिच्या बहिणीची, ती परस्पर बंदरावर येतेय. घरी सांगितलं असतं तर आईने रडून गोंधळ घातला असता. आठवड्याचा तर प्रश्न आहे. तसंही हल्ली तिच्या लक्षात काही राहत नाही."

लक्षात राहत नाही म्हणे! समुद्र दिसला की उठव म्हणणारी बाई!

अंधार पडला. टोलनाका आला. खिडकीतली मुलगी पावती देता देता मागे बघून म्हणाली, "आजींच्या बाजूची काच वर करा ना. गार वारं लागतंय त्यांना."

लांब्याने आरशात पाहिलं. मागे आजींची सीट रिकामी. काच खरंच अर्धी खाली होती. त्याने बटण दाबून वर घेतली आणि निघाला. वाटलं, तिची नजर चुकली असेल.

पुढे पेट्रोल पंप. टाकी भरता भरता पंपावरचा माणूस आत डोकावला. आवाज खाली आणून चिरंजीवांना म्हणाला, "म्हातारीची मान अवघडेल हो. उशी तरी द्या."

आता सगळ्यांनी ऐकलं.

चिरंजीव उतरले. मागचं दार सरकवलं. मोबाइलचा उजेड टाकला.

रिकामी सीट.

"कोण म्हातारी?" चिरंजीव ओरडले. पंपवाल्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सीटकडे. आणि गुपचूप दुसऱ्या गाडीकडे गेला. असल्या पोराशी काय बोलायचं, असं तोंड करून.

चिरंजीवांनी आश्रमात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "झोपल्यात. आत्ताच दारातून बघून आले. डोक्यावरून पांघरूण घेतलंय." झालं, चिरंजीवांच्या जिवात जीव आला. "हा पंपवाला ढोसून आलाय," म्हणाले.

लांब्याने किल्ली फिरवली नाही. "साहेब, मागे फिरू या. घेऊन येऊ त्यांना. रात्रभर चालवतो, दुपारच्या आत बंदरावर पोचवतो. माझी जबाबदारी."

"आणि झोपवायचं कुठे तिला? तुझ्या डिकीत?"

"साहेब, मी शब्द दिलाय त्यांना."

"तुझ्या शब्दाला विचारतो कोण? ड्रायव्हर आहेस. गाडी चालव."

लांब्याने गाडी चालवली.

शेवटचा घाट.

एक वळण. दुसरं.

आणि डाव्या हाताला समुद्र. चंद्र वर आलेला, पाणी लखलखतंय. लांब्याचा हात हॉर्नवर गेला. थांबला. आजींच्या जागी कोणी नाही, हे त्याला माहीत होतं. आरशात दिसत होतं.

त्याने हॉर्न वाजवला. एकदाच. लांब.

"काय करतोस?" चिरंजीव किंचाळले.

आणि मागून…

जांभई.

डुलकीतून उठल्यावर माणूस देतं, तशी. शांत. त्याच्या मानेच्या अगदी मागे.

नातीने कानांतले इअरफोन काढले. "…आजी?"

कोणी वळून पाहिलं नाही. सूनबाईंनी पोरीचा हात घट्ट धरला. लांब्या म्हणाला, घाट कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही.

हॉटेल आलं. दारातला हमाल पळत आला, मागचं दार सरकवलं. हात पुढे केला.

"सावकाश, आजी. पायरी आहे."

हात तसाच धरून ठेवला त्याने. कोणी उतरेपर्यंत वाट बघावी, तसा. मग हळूच सोडला. आणि बॅगांना लागला.

चिरंजीव काउंटरवर गेले. काचेच्या दाराकडे पाठ करून उभे राहिले. काउंटरवरच्या माणसाने किल्ली दिली, मग त्यांच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं.

"आजींना आत बोलवा साहेब. बाहेर कठड्यावर बसल्यात. समुद्राकडे तोंड करून."

…

सूनबाई म्हणाल्या, "अहो… बघा ना. एकदा."

काय करायचं होतं त्याने? नुसती मान वळवायची होती. आई बाहेर बसलीय म्हणून परका माणूस सांगतोय, आणि पोटच्या पोराने फक्त मान वळवायची होती! नाही वळवली नालायकाने. किल्ली उचलली आणि तडक लिफ्टकडे. पोर मात्र मागे मागे बघत गेली.

लांब्या बाहेर धावला. कठडा रिकामा. नुसता लाटांचा आवाज. त्याला काहीच दिसलं नाही, आणि ह्याचंच त्याला आजही वाईट वाटतं. टोलनाक्यावरच्या पोरीला दिसतात, हमालाला दिसतात, मला नाही, म्हणतो. तो कठड्यापाशी उभा राहून म्हणाला, "आजी, उजाडेपर्यंत पोचतो." गाडी वळवली.

उजाडता उजाडता पोचला. ह्या वेळी पुढच्या फाटकातून. तिथल्या बाई फाटकातच उभ्या होत्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "तुम्हाला कोणी कळवलं?"

आजी गेल्या होत्या. पहाटे बाई उठवायला गेल्या तेव्हा कळलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काल संध्याकाळीच. म्हणजे गाडी फाटकाबाहेर पडली असेल नसेल. रात्री फोन आला तेव्हा बाईंनी दारातून फक्त पांघरूण पाहिलं होतं.

बाईंनी चिरंजीवांना फोन लावला, लांब्यासमोर. त्या थोर पुरुषाने काय सांगावं? "आता मी येऊन ती उठून बसणार आहे का? तुम्ही काय ते करून घ्या. मी आठवड्याने येतो." आणि चढला बोटीवर! चढला, कळलं का? डेकवर गॉगल लावून काढलेला फोटो बघितलाय मी त्याचा. आजींचं शेवटचं सगळं लांब्याने केलं. तीन दिवस गाडी उभी ठेवली त्याने.

हसू नकोस रे तू. उद्या तुझ्या गाडीत कोणी म्हणालं ना, मागच्या दाराने घे, तर गाडी जागच्या जागी बंद कर. किल्ली खिशात टाक आणि विचार, का? नोकरी गेली तर मी बघतो.

आता शेवटचं, आणि हे ऐकीव नाही. गेल्या महिन्यात मी मुद्दाम त्या आश्रमात जाऊन आलो. त्या खोलीत कोणाला ठेवत नाहीत. गाव कोरडं ठणठणीत, नळाला एक दिवसाआड पाणी. समुद्र कुठल्या कुठे, डोंगरांपलीकडे. आणि त्या खोलीच्या चारी भिंतींवर, पलंगाच्या उंचीला, एक पांढरी रेघ आहे. पाणी भरून ओसरल्यावर राहते तशी. सगळीकडून सारखी, आडवी. रंगाऱ्याने खरवडून काढली, वर रंग दिला. ती परत आली. बाई म्हणाल्या, आजींना उचललं त्या सकाळपासून आहे.

मी तिच्यावरून बोट फिरवलं. जिभेला लावून पाहिलं.

खारट.